कड्यातले जंतू आणि आईचं मडकं

२ एप्रिल, सकाळी ६.१०. ब्रह्मपुरी, खोली.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचावी म्हणून नाही. बाबांनी घालून दिलेला नियम पाळायचा: तारीख, वेळ, आणि खरं तेच.

बाबा आरोग्य सेवक होते. आमचं गाव धानोऱ्याहून आत, जंगलात. शाळा लांब आणि मी सारखी आजारी, म्हणून तिसरीपर्यंत बाबांनीच घरी शिकवलं. पुस्तकं म्हणजे उपकेंद्रातली जुनी पोस्टरं. मी वाचलेलं पहिलं वाक्य 'जेवणापूर्वी हात स्वच्छ धुवा'. दुसरं 'पाणी उकळून प्या'. दोन्हींच्या मध्ये मी उठून हात धुऊन आले होते, असं बाबा अजून पाहुण्यांना सांगतात.

मुद्द्यावर येते. गेल्या मे महिन्यात विड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडताना आई जंगलात पडली. शकुमावशी आमची शेजारीण, आईची पत्ता तोडायची जोडीदार. तिनेच आईला ओढत सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. आई म्हणते, "पडली नाई मी. बसली होती." डोळे मिटून, गालाला माती लावून बसली होती. आईला ऊन कळत नाही आणि माणसांचं ऐकू येत नाही.

म्हणून माझा एमएस्सीचा प्रकल्प: मनगटात घालायचं कडं. थ्रीडी प्रिंटरवर छापलेलं, पारदर्शक, आतून पोकळ. पोकळीत पातळ पेज, थोडा गूळ, जास्वंदीचा रस आणि जिवंत जंतू. ऊन वाढलं की जंतू जोरात कामाला लागतात, पेज आंबते, जास्वंदीचा जांभळा रंग लाल होतो. लाल दिसलं की सावलीत बसायचं. माणसांचं नाही तर निदान जंतूंचं ती ऐकेल.

तेंदू पाच मेच्या आसपास सुरू होईल. महिना आहे. भरपूर झाला.

निश्चय: १) घरी दिवसाला एकच फोन. २) उगाच काळजी नाही. तशी मी काळजी करणारी नाहीच. मी फक्त आधी विचार करते.

३ एप्रिल, संध्याकाळी ७.

फोन: ४. पैकी तीन प्रकल्पाचे, ते मोजायचे नाहीत.

आईला मनगटाचं माप विचारलं. "चार बोटं अन् वरतून थोडंसं." कुणाची बोटं? "माही. तुही कायले असतीन?" दोरा गुंडाळून मोज म्हटलं. गुंडाळला. पण घरात पट्टी नाही. मग म्हणाली, "दोराच पाठवून देतो पोस्टानं. तूच मोज."

९ एप्रिल, दुपारी १.

दोरा आला. पाकिटात बाबांची चिठ्ठी: 'माप बरोबर आहे. घेण्यापूर्वी हात धुतले आहेत.'

कडं छापलं. प्रिंटर चंचल चालवते, ती माझी रूममेटही आहे. चकल्या पाडणाऱ्या बाईसारखा तो प्रिंटर वेढ्यावर वेढा टाकत बसतो. तीन तास लागले. मी पूर्ण वेळ समोर उभी होते. चंचल म्हणाली, "तू टक लावून पाहून राह्यली म्हनून तो लाजते. जा वं चहा पी." गेले नाही. कडं सुंदर झालं. क्रमांक १.

उद्या जंतू भरणार. परवा चाचणी. तेरवा सरांना दाखवणार.

१० एप्रिल, सकाळी ९.

भरण्यापूर्वी कडं निर्जंतुक करणं आवश्यक. दहा मिनिटं उकळलं.

हे प्लॅस्टिक उकळत्या पाण्यात मऊ पडतं, हे चंचलने आधी सांगायला हवं होतं. ती म्हणते सांगितलं होतं, दोनदा. क्रमांक १ आता कडं नाही. चंचलने ते खिडकीत लटकवलं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, ही जिलबी कोणी तळली?

शिकलेली गोष्ट: उकळायचं नाही. फक्त जंतुनाशक औषधाने धुवायचं.

१६ एप्रिल, सायंकाळी ५.

यश. क्रमांक २ (औषधाने तीनदा धुतलेलं) काल सकाळी भरलं, गच्चीवर उन्हात ठेवलं. तेहतीस तास झाले, रंग जराही बदलला नाही. जांभळाच. इतकी स्थिरता मला अपेक्षित नव्हती.

१७ एप्रिल, सकाळी ११.

नाकाडे सरांना दाखवलं. ते माझे मार्गदर्शक. म्हणाले, "स्थिर आहे, कारण मेलं आहे." स्लाइड बघायला लावली. होय, हालचाल दिसली नाही. पण सर घाईत होते आणि सूक्ष्मदर्शकाची काच मळकट होती. मी ती आधी पुसली, मग परत पाहिलं. तेव्हाही हालचाल नव्हती.

सर म्हणाले, "दिव्यानी, तू जंतू पाळते आहेस की मारते आहेस, ते एकदा ठरव."

ठरवलं. पाळते आहे. आजपासून औषध बंद.

१८ एप्रिल.

औषध बंद. फक्त स्पिरिट.

२४ एप्रिल, दुपारी ३.

क्रमांक ३: स्पिरिट, जंतू मेले. क्रमांक ४: स्पिरिट अगदी कमी, जंतू कमी मेले. म्हणजे प्रगती आहे. सिरिंज, बूच आणि भरताना घातलेले हातमोजे तेवढे पुसले होते. आणि टेबल. आणि चंचलचा हात, तिने मध्येच कडं उचललं म्हणून.

चंचल म्हणाली, "तुह्या खोलीत जंतू यायलेच घाबरते. मी इथी राहून राह्यली तेच नवल."

फोन: ५. आई म्हणाली, यंदा पत्ता चांगला आहे, लवकर सुरू होईल. मी शांत राहिले. मग बाबांना फोन करून विचारलं, लवकर म्हणजे किती लवकर.

२७ एप्रिल, सकाळी ८. घरी.

दोन दिवसांसाठी आले. वडसा, आरमोरी, गडचिरोली, धानोरा, पुढे जीप. सहा वेळा हात धुता आले असते, दोनदाच आले.

घरात एक गोष्ट मी लहानपणापासून सांगत आले आहे आणि कुणी ऐकत नाही: आंबिलीचं मडकं. आई कण्यांची आंबील करते. रात्री शिजवलेल्या कण्यांत कालच्यातली पळीभर घालते, ती पळी परवाच्यातली, आणि असं मागे मागे जात तिच्या लग्नापर्यंत. मडकं फक्त पाण्याने विसळते. साबण नाही. काठाला पिवळा थर. मी पुन्हा सांगितलं. आई म्हणाली, "सत्तावीस वर्साचं मडकं हाये. तू बावीसची. तुले त्यानंच मोठं केलं."

सरांचं वाक्य आठवलं, म्हणून थोडी आंबील बाटलीत घेतली. बाटली धुतली नाही. धुतली नाही हे मुद्दाम लिहून ठेवते.

२९ एप्रिल, सकाळी १०. ब्रह्मपुरी.

आईच्या आंबिलीची स्लाइड पाहिली. दिवाळीच्या आदल्या दिवशी वडशाच्या बसस्टँडवर असते तशी गर्दी. सर दहा मिनिटं डोळा काढेनात. म्हणाले, "ही माणसं आहेत कामाची. हेच भर."

माझं मत: गर्दी म्हणजे गुणवत्ता नव्हे. न मोजलेले, न ओळखलेले जंतू आईच्या हातात बांधणं बेजबाबदारपणा आहे. तरी सरांच्या समाधानासाठी क्रमांक ५ छापलं. त्यात आंबिलीचा थेंब. तुलनेसाठी, बस.

क्रमांक ६ छापतानाच वाकलं. खरं कडं म्हणजे क्रमांक ७, प्रयोगशाळेतल्या शुद्ध जंतूंचं. आत फक्त एकदा स्पिरिट फिरवलं. एकदाच.

५ मे, पहाटे ४.४०. घरी.

आज तेंदू सुरू. भरण्याचं सगळं सामान आणलं आहे, दोन्ही कडी आत्ताच ताजी भरली. क्रमांक ७ आईच्या हातात. क्रमांक ५ माझ्या हातात, तुलना म्हणून. पाण्याच्या तीन बाटल्या, छत्री, वही, घड्याळ. शकुमावशीने मला पाहिलं आणि म्हणाली, "पोरगी पत्ता तोडाले चालली का लगनाले?" आई म्हणाली, "मोजाले चालली. तोडनार आपनच."

५ मे, दुपारी ४.

सविस्तर लिहिते, खरं तेच.

सहा वाजता तोडणी. बायका चौघी-चौघींनी, सारख्या आवाज देत, अस्वलाला कळावं म्हणून. मी दर दहा मिनिटांनी आईचं कडं पाहून नोंद करत होते. ६.१० जांभळं. ६.२० जांभळं. असं ९.३० पर्यंत. आई म्हणाली, "माह्या हातापाशी येऊ नको घडीघडी, पत्ता फाटते."

९.४० ला क्रमांक ५ लाल झालं. माझ्या हातातलं. मी नोंद केली: 'क्र. ५ अशुद्ध, चुकीचा इशारा.' छत्री आईवर धरली होती, तशीच धरून ठेवली. ९.५० ला झाडं थोडी डावीकडे सरकली. ही नोंद वहीत आहे, पण अक्षर माझं वाटत नाही.

मी पडले नाही. बसले होते.

डोळे उघडले तर मोहाच्या झाडाखाली. शकुमावशी पदराने वारा घालत होती आणि आई डब्यातली आंबील पाजत होती. हात न धुता. पाच घोट घेतले. आईने माझं मनगट वर धरलं, लाल कडं मावशीला दाखवलं आणि म्हणाली, "हे बिचारं कवापासून सांगून राह्यलं, अन् हे बाई लिहूनच राह्यली."

मावशी म्हणाली, "मायवर गेली हाये."

मग दोघी तिथेच बसल्या. आईसुद्धा. जवळजवळ तासभर, सावलीत. माझ्या आठवणीत पहिल्यांदा. उद्देश एका अर्थी सफल झाला.

६ मे, सकाळी ७.

मला घरीच ठेवलं आहे. आईने क्रमांक ७ काढून खुंटीला टांगलं आणि क्रमांक ५ स्वतः रिकामं करून, ताजी पेज आणि जास्वंद भरून, मडक्यातला थेंब टाकून हातात घातलं. थेंब बोटाने टाकला. मी काही बोलले नाही. फार काही बोलले नाही.

तिला विचारलं, याचं ऐकशील? म्हणाली, "हे माह्या मडक्यातलं हाये. हे कायले खोटं सांगन?"

६ मे, दुपारी १.

९.३५ ला लाल झालं. आई बसली. मावशीने शप्पथ घेऊन सांगितलं. अर्धा तास बसली, पाणी प्याली, मग पानांचे पुडे बांधायला घरी आली.

मी न्हाणीत जाऊन थोडा वेळ नळ सोडून उभी राहिले. हात धुतले असं घरच्यांना वाटलं.

११ मे, सायंकाळी ६. ब्रह्मपुरी.

परत आले. आई रोज पहाटे कडं ताजं भरते. बाबा तोडणीवर चक्कर मारून, नेटवर्क मिळेल तिथून रोज सकाळी फोन करतात. "नऊ चाळीसले लाल. बसली." "साडेनऊले लाल. बसली. मावशीलेबी बसवलं." सरांना सांगितलं. बावीस तारखेला प्रकल्पाचं सादरीकरण आहे, म्हणाले, आईच्या रोजच्या नोंदी आण, तीच तुझी आकडेवारी.

आता एकच उणीव. आईला सगळं तोंडी सांगितलं आहे. लेखी काहीच नाही. माहितीपत्रक नसलेली वस्तू मी कुणाच्या हातात कशी ठेवू?

१२ मे, दुपारी २.

माहितीपत्रक तयार. 'जिवंत कडे: वापरण्याच्या सूचना'. अकरा मुद्दे. सकाळी बाबांना मोबाइलवर पाठवलं. बाबांचं उत्तर: 'उत्तम. भाषा सोपी आहे. मुद्दा १ विशेष आवडला. आईला वाचून दाखवतो.'

फोन: १. शेवटी निश्चय पाळला.

१४ मे, सकाळी १०.३०.

बाबा म्हणाले, अजून जांभळंच आहे. ढगाळ असेल. ऊन कमी असणं आरोग्याला चांगलंच.

१५ मे, दुपारी १२.

जांभळंच. दहा वाजता बाबांनी कळवलं. ब्रह्मपुरीत आकाश स्वच्छ. चंचल म्हणाली, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून येत आहे. पण जंगलात हवामान वेगळं असतं.

फोन: ७. त्यानंतर एकही उचलला नाही. जंगलात नेटवर्क नसतं. मी शांत आहे. चंचलच्या खुर्चीवर नुसती बसले आहे, कारण माझ्या खुर्चीवरून दार दिसत नाही.

१५ मे, दुपारी ३.

शकुमावशीचा फोन. आई ठीक आहे. आधी हेच लिहिते: आई ठीक आहे.

बारा वाजेपर्यंत तोडत होती. मावशी तीनदा म्हणाली बस. आईने तिन्ही वेळा हात वर करून दाखवला, "जांभळं हाये ना वं, पाय!" चौथ्यांदा मावशीने तिला दंडाला धरून खाली बसवलं, डोक्यावर बाटली रिकामी केली. मग आईला उलटी झाली, मग झोपली, आता उठून पुडे बांधते आहे आणि म्हणते, मावशीनेच ढकललं.

म्हणजे कडं नसतं तर आईने मावशीचं कदाचित ऐकलं असतं. कड्यामुळे नाही ऐकलं. हे मी दोनदा लिहून खोडलं. खरं तेच लिहायचं, म्हणून राहू देते.

जंतू का मेले, कळत नाही. कदाचित उष्णतेने. कदाचित गुळात भेसळ.

१६ मे, सायंकाळी ७. घरी.

पहिल्या बसने निघाले. हात एकदाही धुतले नाहीत, आठवलंच नाही.

अंगणात मडकं उपडं घातलेलं. काठाचा पिवळा थर गेलेला. लालचुटूक, नवं असावं तसं. आई खुश होती. "पाय, किती वर्सं म्हनून राह्यली होती तू. साबनानं घासलं, मंग गरम पानी घातलं. तुह्या कागदात पयलंच तेच होतं."

कागद भिंतीवर चिकटवलेला आहे, उपकेंद्राच्या जुन्या पोस्टरशेजारी. मुद्दा १: 'कडे भरण्यापूर्वी आंबिलीचे मडके साबणाने व गरम पाण्याने स्वच्छ धुवावे.'

बाबा म्हणाले, मीच तिला दोनदा वाचून दाखवलं. म्हणाले, तू लहानपणी लिहायचीस अगदी तसंच.

आईला सांगितलं की चूक माझी. तिला पटेना. "सोच्छतेत चूक कशी असन?" बाबांनीही मान हलवली. सत्तावीस वर्षांचे जंतू होते, ते मी मारले, असं मी म्हणाले. आईने मडकं सरळ केलं, आत पाहिलं. मग म्हणाली, "सत्तावीस वर्सं मी सोच्छ नोयती, असं म्हनून राह्यली का तू?"

नाही म्हटलं.

१७ मे, सकाळी ६.

शकुमावशी पहाटे आली. पदराखाली गडू. मागच्या पोळ्याला ती आईकडून पळीभर आंबील घेऊन गेली होती, तेव्हापासून तिच्या मडक्यात तीच चालू आहे. म्हणाली, "मी तं विसळतबी नाई. तू म्हनशील गलिच्छ."

मी म्हटलं, मावशी, तुमचं मडकं म्हणजे प्रयोगशाळा आहे. मावशी आईला म्हणाली, "पोरीले अजून ऊन लागूनच हाये."

आईने नवी आंबील लावली. दोन-तीन दिवसांत जमेल. तोवर मावशी दंडाला धरून बसवेल, असं दोघींचं ठरलं आहे. मला विचारलं नाही.

माहितीपत्रक भिंतीवरून काढलं. अकराचे दहा केले, मग चार, मग एक. 'मडके घासू नये.' बाबांना वाचून दाखवायला दिलं. त्यांनी चष्मा लावला, कागद बघितला, परत घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, मला हे मोठ्याने वाचवणार नाही.

१९ मे, सकाळी १०.

९.३८ ला लाल. आई बसली. मी समोर होते, पाहिलं.

बावीसच्या सादरीकरणासाठी क्रमांक ५ सोबत न्यायचं ठरवलं आहे. आईसाठी तसंच क्रमांक ८ आहे, ब्रह्मपुरीहून छापून आणलेलं. सगळं आता व्यवस्थित मार्गी लागलं आहे. नेण्याआधी एक छोटंसं काम, ते आज दुपारी.

१९ मे, सायंकाळी ५.

क्रमांक ५ घरात सापडलं नाही. खुंटीवर नाही, फळीवर नाही, मडक्यापाशी नाही.

आईला विचारलं. पुडे बांधताना मान वर न करता म्हणाली, ते शकुमावशीकडे ठेवायला दिलं आहे. का, विचारलं. "तू दुपारी कोमट पानी करून राह्यली होती."

हात धुण्यासाठी करत होते, म्हटलं.

मावशीकडे गेले. मावशी दारातच उभी. कडं हातातच होतं तिच्या, दाखवलं, दिलं नाही. म्हणाली, बावीस तारखेला ती स्वतः बसने ब्रह्मपुरीला येईल, स्वतः घालून येईल, आणि सरांनाच दाखवेल. मी तेवढं भाषण करायचं. लांबून.